माळकऱ्यांची चूल

माझ्या मायनं माझ्यासाठी पिराला बकरं बोललेलं होतं आणि मी ते कापू देत नव्हतो. आमच्या घरातलं हे भांडण तीन वर्षं चाललं. देव, धर्म, पाप-पुण्य यांविषयी माझी जी काही मतं आहेत ती पोथ्या वाचून झालेली नाहीत, या भांडणात झालेली आहेत. त्यामुळे ती सांगायची तर बकऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

आमचं गाव नेकनूरच्या अलीकडे, टेकड्यांच्या कुशीत. राज्य तेव्हा निजामाचं. कचेरीतले कागद उर्दूत, आठवड्याची सुट्टी जुम्म्याची, आणि शेतात-घरात मराठी. गावाबाहेरच्या टेकडीवर पिराचं ठाणं आहे. आमच्याकडचे कुणबी त्या पिराला घरच्या खंडोबाइतकाच आपला मानत. मूल वाचलं, हरवलेला बैल सापडला, विहिरीला पाणी लागलं की पिराची कंदुरी करायची. कंदुरी म्हणजे जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, टेकडीवर बकरं न्यायचं, ठाणं सांभाळणाऱ्या मुजावरानं ते कापायचं, तिथंच शिजवायचं आणि येईल त्याला जेवू घालायचं. त्यातलं घरी काही परत आणायचं नाही. जे मांस खात नाहीत त्यांच्यासाठी चिंचेच्या झाडामागं एक लहान चूल वेगळी मांडतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेले खात नाहीत, म्हणून तिला माळकऱ्यांची चूल म्हणतात.

मी लहान असताना मला देवी आल्या. गावात त्या साली बरीच पोरं गेली. वडील वैद्याच्या शोधात नेकनूरला गेलेले, आणि मी डोळे उघडत नव्हतो. तेव्हा माय एकटी टेकडी चढून गेली आणि पिराला म्हणाली, हे लेकरू जगू दे, ह्याला लेकरू झालं की तुझ्या दारी बकरं आणीन. मी जगलो. तोंडावर व्रण राहिले, ते अजून आहेत. ही हकिकत मी इतक्या वेळा ऐकली होती की ती मला माझ्याच आठवणीतली वाटायची.

पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली, आणि नवसाची वेळ आली. मायनं आमच्याच शेळीचं एक काळं पिल्लू निवडलं, त्याच्या डाव्या कानाला खूण केली आणि ते नवसाचं म्हणून वेगळं बांधलं. पण तोवर माझं मांस सुटलेलं होतं, आणि नुसतं तोंडातून नव्हे, डोक्यातूनही सुटलेलं होतं.

कसं सुटलं ते सांगतो. मी उर्दू चार इयत्ता शिकलेलो, त्या जोरावर तरुणपणी आष्टीकडच्या करोडगिरीच्या नाक्यावर मोहरीर, म्हणजे कारकून, होतो. करोडगिरी म्हणजे जकात. निजामाची हद्द तिथं संपायची आणि पलीकडे नगरकडचं इंग्रजी राज्य सुरू व्हायचं. येणारा-जाणारा माल बघायचा आणि दाखला लिहायचा, हे माझं काम. बाजाराला जाणारे शेळ्यांचे कळप रोज नाक्यावरून जात. एकदा एका व्यापाऱ्यानं कळपातलं एक पिल्लू नाक्यावर उतरलेल्या गाडीवाल्यांना विकलं आणि बाकीचा कळप पुढं हाकला. त्या पिल्लाची शेळी मान मागं वळवून ओरडत गेली. कळप वळणाआड गेल्यावरही ते ओरडणं बराच वेळ ऐकू येत होतं. इकडं गाडीवाल्यांची चूल पेटली, त्यांनी अगत्यानं मलाही बोलावलं. मी बसलो, पण घास तोंडात फिरू लागला. उठून हात धुतला, त्यानंतर पुन्हा मांस खाल्लं नाही. लोकांना याहून मोठं कारण ऐकायचं असतं. माझ्यापाशी ते नाही.

घरी आलो तेव्हा मायला सांगितलं, माझं वेगळं काढत जा. तिनं काहून म्हणून विचारलंही नाही. आमच्याकडे मटण तसं क्वचितच शिजायचं, सणाला किंवा पाहुणा आला तर. त्या दिवशी ती कडेला एका लहान पातेल्यात पिठलं करू लागली. ते पिठलं नेहमी एका माणसाला जास्तच व्हायचं. मी म्हणायचो, एवढं कशाला करतेस, मी काय बैल आहे का. ती म्हणायची, ऱ्हाऊ दे, संपंल.

मला माझ्यासारखी माणसं हवी होती. हे आज सांगताना थोडं हसू येतं, पण तेव्हा ती गरज भुकेसारखी होती. गावात मी एकटाच असा विचित्र आहे की काय, असं वाटून माणूस चिडका होतो. मी झालो होतो.

पहिली माणसं भेटली ती नाक्यावरच. हद्दीपलीकडे एका वडाखाली नगरकडून एक पाद्री अधूनमधून यायचा. गोरा नव्हता, आपल्याच मुलखातला होता आणि मराठी रसाळ बोलायचा. तो म्हणायचा, देवानं स्वतःच सगळ्यांसाठी बळी दिला, आता मुक्या जनावराचा बळी देण्याची कुणाला गरज नाही. मला हे फार आवडलं. मी काही महिने जाऊन बसत होतो. त्यांच्यात एकमेकांची विचारपूस होती, आजाऱ्याच्या घरी भाकरी पोचायची, आणि शिवीगाळ नव्हती. एकदा मी त्याला विचारलं, माझी माय पिराला आणि खंडोबाला हात जोडते, तिचं पुढं काय होणार? त्यानं हातातलं पुस्तक मिटलं. मग त्यानं सांगितलं, जे या वाटेनं येत नाहीत त्यांच्यासाठी आग आहे. तो वाईट माणूस नव्हता, हे सांगताना त्यालाच वाईट वाटत होतं. पण जन्मभर चुलीपुढं बसलेली माझी माय मेल्यावर पुन्हा आगीतच जाणार असेल, तर त्या वडाखाली मला काही काम नव्हतं. मी उठलो तो पुन्हा गेलो नाही.

वडील वारले तेव्हा नाका सोडून मी शेतावर आलो. मी खात नाही हे कळल्यावर गावातल्या माळकऱ्यांनी मला हाताला धरूनच नेलं. दर एकादशीला भजन. त्यांचा म्होरक्या उंच, कोरडा, आवाजाचा मात्र गोड. त्याचा आवाज लागला की मी तरी सगळं विसरायचो. भजन संपलं की मात्र गप्पा व्हायच्या, त्या कुणाच्या घरी काय शिजलं आणि कुणाच्या गळ्यातली माळ कशानं तुटली यांच्या. मला ते रुचत नव्हतं, पण मी कानाडोळा करायचो. म्होरक्या माझ्या मागं लागला, माळ घाल म्हणून. मी म्हणालो, मी खात नाहीच, मग गळ्यात कशाला?

"माळ न्हाई तर नुसतं न खान्याला काय मोल?" तो म्हणाला. "तसा बैलबी खात न्हाई."

मला हसू आलं. त्याचं बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं आणि मी जवळजवळ माळ घालणारच होतो. तेवढ्यात एका एकादशीला मंडळी आमच्या घरी भजनाला आली. उन्हाळ्याचे दिवस होते. मायनं माठातलं गार पाणी तांब्यात घालून आणलं. म्होरक्यानं हात आडवा केला.

"बाई, वाईट वाटून घिऊ नका. ह्या घरात मटन शिजतंय. तुमच्या हातचं पानी आमाला चालत न्हाई."

मायनं तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, हिच्या हातचं पाणी चालत नसेल तर हिच्या घोंगडीवर बसणंही चालायचं नाही. मंडळी टाळ गोळा करून उठली. ती गेल्यावर मला वाटलं माय खूश होईल. ती उलट माझ्यावरच घसरली.

"दारात आलेल्याला उठवत्यात व्हय? बसले असते घटकाभर. देवाचं नाव तर घेत होते."

"तुला पाण्यावरून टाकून बोलले ते."

"मला बोलले. मी बघीन."

दरम्यान नवसाचं बकरं वाढत होतं. मी या ना त्या कारणानं कंदुरी पुढं ढकलत होतो. एक वर्ष पेरणी, दुसऱ्या वर्षी पिकाची रड. बकऱ्याला शिंगं आली, दाढी आली, त्यानं माझ्या मुलीच्या आधी घराचा उंबरा ओलांडायला शिकून घेतलं. मी शेतावर निघालो की ते पांदीपर्यंत मागं यायचं. पारावर बसलेले दोस्त म्हणायचे, "काय बे, पिराचा जावई कुठं निघाला?" त्यांच्या चेष्टेचं मला काही वाटत नव्हतं. माझं म्हणणं साफ होतं. देव म्हणा, पीर म्हणा, एकाचं लेकरू वाचवण्याबद्दल तो दुसऱ्याचं लेकरू मागत असेल, तर मी त्याच्यापुढं मान वाकवणार नाही. आणि तो मागत नसेल, तर ते द्यायचं कशाला?

हे मायला सांगितलं की ती ऐकून घ्यायची आणि बकऱ्याला पाला टाकायला जायची. वाद घालणारी बाई असती तर मला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या वर्षी बांधाच्या कज्ज्यासाठी मला बीडला खेटे घालावे लागले. आमचा वकील हैदराबादेत शिकलेला, मोकळ्या मनाचा माणूस होता. जुम्म्याला कचेरी बंद, तेव्हा दुपारी त्याच्या ओसरीवर चार शिकलेली माणसं जमायची. एक मास्तर, एक औषधाचं दुकान चालवणारा, आणखी दोघंतिघं. बिंदुसरेच्या काठावरचं घर, खाली पात्रात धोबी कपडे आपटत असायचे आणि वर धर्मावर चर्चा चालायची. चहा मी पहिल्यांदा तिथंच प्यालो. एकदा मास्तर म्हणाला, नवस ही देवाला दिलेली लाच आहे, आणि लाच घेतो तो देव कसला? माझ्या मनातलं मी तीन वर्षं ज्याला त्याला सांगत फिरत होतो, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मांस सोडलेल्या माणसाच्या अंगावर चढलं, तरी चढलं. मला मंडळी सापडली होती. तिथं कुणी कुणाला आगीत घालत नव्हतं, गळ्यात काही अडकवा म्हणत नव्हतं. खरं बोलावं, कुणाला इजा करू नये, आपल्या बुद्धीला पटेल तेवढंच मानावं, एवढाच धर्म. मला तो आजही मान्य आहे. मी पायी बीडला जायचो ते कज्ज्यासाठी नव्हे, जुम्म्यासाठी, हे माझ्या बायकोनं ओळखलं होतं.

त्या पावसाळ्यात माय शेतातून येताना वाटेत दोनदा बसली. तिचे गुडघे गेले होते. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदाच मला तोंड उघडून विचारलं, "मी खोटी पडूनच जाऊ का रं, बाबा?"

बायको म्हणाली, "तुमची मतं तुमच्यापाशी ठिवा. आत्याबाईचं तेवढं होऊन जाऊ द्या." मुलीला त्याच आठवड्यात ताप आला. तो साधा ताप होता आणि उतरलाही, पण आळीतल्या बायांनी पिराचं नाव काढलंच. मायनं मात्र नातीच्या तापाचा आणि नवसाचा संबंध एकदाही जोडला नाही. ती फक्त टेकडीकडे बघायची.

पुढच्या जुम्म्याला मी हा पेच ओसरीवर मांडला. वाटलं होतं, इथं तरी कुणी नीट सांगेल. वकील हसला.

"अहो, एवढं काय त्यात? म्हातारी काही आता टेकडी चढत नाही. बकरं बाजारात सोडून या आणि कंदुरी झाली म्हणून सांगा. तिलाही समाधान, तुमचंही तत्त्व शाबूत."

मास्तरानं मान डोलवली. दुसरा म्हणाला, "अडाणी माणसाला फसवण्यात पाप नाही, ते औषध आहे."

मी म्हणालो, "आपण खरं बोलावं म्हणतो ना?"

"ते आपल्यात," वकील म्हणाला. "घरात व्यवहार बघावा लागतो."

मी तिथं भांडलो नाही. चहा संपवला, राम राम केला. त्या लोकांविषयी माझ्या मनात आजही अढी नाही, वकिलानं माझा कज्जा इमानानं चालवला. पण परतीच्या वाटेवर मला फार एकटं वाटलं, इतकं की नाक्यावर ते पिल्लू शिजत होतं तेव्हाही वाटलं नव्हतं.

घरी आलो तर माय अंगणात बकऱ्याला भाकरीचे तुकडे घालत होती. मी तिला ओसरीवरचं सगळं सांगून टाकलं, थोडं हसत, जणू गंमत म्हणून.

ती म्हणाली, "फसवशील मला. मला काय कळतंय? मग तुझी ती खरं बोलायची गोष्ट कुठं ऱ्हाईली?"

मी खाली बसून बकऱ्याच्या कानामागं खाजवू लागलो.

"आन् तू काय बी करू नको. मी जाते. तू निस्तं माझ्यासंगं टेकडी चढ. गुडघं साथ देत न्हाईत म्हणून म्हणते. हात लावू नको, खाऊ नको."

मी हो म्हणालो. बकरं वाचवायचं असतं तर नाही म्हणायला हवं होतं. पण तिला त्या टेकडीवर एकटीनं सरपटत जाऊ द्यायचं, हे मला कुठल्याच धर्मात बसवता आलं नसतं.

जुमेरातीला आम्ही निघालो. पुढं भाऊबंद भांडी-लाकडं घेऊन, मागं मी आणि माय. बकरं दोरीशिवाय आमच्या मागं आलं, कारण त्याला माझ्या मागं यायची सवय होती. चढावर तिचा हात माझ्या खांद्यावर होता. ती मध्ये बसली की तेही बसायचं. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

मुजावर म्हातारा होता. आमच्या गावात बकरी कापायचं कामही त्याच्याच घराकडे, त्यामुळे तो सगळ्यांना ओळखायचा. त्यानं ठाण्यापुढं ऊद जाळला, बकऱ्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि पाठीवर पाणी ओतलं. आमच्याकडे अशी रीत आहे की पाणी पडल्यावर बकऱ्यानं अंग झटकलं म्हणजे पिरानं ते कबूल केलं. झटकल्याशिवाय कापत नाहीत.

बकरं झटकेना. पाणी पोटाखालून ठिबकत होतं आणि ते माझ्याकडे बघत शांत उभं होतं. मुजावरानं दुसऱ्यांदा ओतलं. पुन्हा तेच. लोक कुजबुजू लागले.

"घरातलं कुनीतरी नाराज हाय," मुजावर म्हणाला. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझा चुलतभाऊ कोपरानं ढोसत म्हणाला, "म्हण की बे, राजी हाय म्हणून. दोन शब्दाचं काम. लोक उपाशी हायत."

माय जमिनीवर बसलेली होती. तिचं आयुष्यभराचं बोलणं माझ्या दोन शब्दांवर अडलं होतं, हे मला दिसत होतं. मी ते शब्द बोललो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मग ओसरीवरच्या वकिलात आणि माझ्यात फरक तो काय राहिला असता?

"मी राजी नाही, चाचा," मी म्हणालो. "खोटं बोलणार नाही."

कुणीतरी शिवी हासडली. मुजावर तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. मग माय उठली. मी हात द्यायला पुढं झालो, तो तिनं घेतला नाही. बकऱ्याच्या शिंगाला धरून तिनं स्वतःला सावरलं आणि मुजावराच्या हातातून तांब्या घेतला.

"चाचा, नवस मी बोलले," ती म्हणाली. "तवा हे लेकरू राजी हाय का म्हणून इचारायला शुद्धीवर तरी कुठं होतं? मी राजी हाय. जे काय पाप लागंल ते माझ्या पदरात घाला, ह्याच्या नको."

तिनं बकऱ्याच्या पाठीवर पाणी ओतलं आणि मानेवरून हात फिरवला, रोज पाला घालताना फिरवायची तसा. बकऱ्यानं अंग झटकलं. पाणी तिच्या लुगड्यावर उडालं. तिनं डोळे मिटून घेतले आणि मी तिथून निघालो.

चिंचेमागं माळकऱ्यांची चूल होती. मी मांस सोडल्यापासून कुणाच्या कंदुरीलाच गेलो नव्हतो, त्यामुळे ती चूल मी इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. वाटलं होतं, तिथं म्होरक्या आणि त्याची मंडळी असतील आणि मला बघून तोंड फिरवतील. त्यांच्यातलं एकही माणूस नव्हतं. त्यांना इथलं पाणीच चालत नव्हतं. चुलीपाशी एक धनगराची म्हातारी वरण ढवळत होती. तिचा नवरा चिंचेला टेकून बसला होता. शेजारच्या गावचे दोघं कुणबी होते, आणि मुजावराची बायको आपल्या भाकरी फडक्यात बांधून आली होती. पलीकडे मोठ्या चुलीकडे ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणे पंगती धरल्या होत्या. इकडं पंगत धरायला माणसंच पुरेशी नव्हती, म्हणून सगळे एका गोलात बसले होते. मला त्यांनी सरकून जागा दिली.

धनगराच्या गळ्यात माळ नव्हती. मी विचारलं, "तुमी माळकरी न्हाई?"

"न्हाई बा."

"मग?"

"शेरडं पाळतो जलमापासून. जात न्हाई घशाखाली," तो म्हणाला आणि पत्रावळीवर पाणी शिंपडू लागला. मी दुसऱ्या कुणाला कारण विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही.

पलीकडची जेवणं उरकत आली तेव्हा माय झाडामागून आली. वाढून, सगळ्यांना पोटभर घालून आली होती. मला वाटलं मी जेवलो का ते बघायला आली असेल. ती माझ्या शेजारी हळूहळू खाली बसली आणि तिनं पत्रावळ ओढली. धनगराच्या म्हातारीनं न विचारता तिच्यापुढं वरण-भाकरी वाढली, आणि वर एक कांदा फोडून ठेवला.

"आज लेकाला घिऊन आलीस व्हय?" ती मायला म्हणाली. "बरं झालं. दर साली कुनाच्या ना कुनाच्या कंदुरीला एकटीच बसत होतीस."

मी मायकडे बघत राहिलो. आमच्यात बाया मागून जेवतात, पुरुष अंगणात तंबाखू मळत बसल्यावर, आत चुलीपाशी. तिच्या ताटात काय असतं ते मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. मला ते पातेलं आठवलं, एका माणसाला जास्त होणाऱ्या पिठल्याचं.

"कवापासून?" मी विचारलं.

"तुला देवी आल्या तवापासून." ती भाकरी मोडत होती. "दुसरीचं लेकरू देते म्हणून बोलले आन् माझं मागून घेतलं. बोलतानाच समजत होतं मला. त्या दिसापासून न्हाई खाल्लं. चव घ्यायची झाली तर तुझ्या बापाला बोलवायची."

"समजत होतं, तर मग आज कशाला कापलं?"

"बोलले होते, बाबा."

तिनं एवढंच उत्तर दिलं. मी तीन वर्षं तिला जे समजावून सांगत होतो ते तिला माझ्या आधी तीस वर्षं समजलेलं होतं. शिवाय पिराला दिलेला शब्दही तिच्या गळ्यात होता, आणि ती दोन्ही घेऊन चुलीपुढं बसत होती. माझे डोळे भरून आले. मी ते लपवले नाहीत, लपवायला त्या गोलात आडोसाही नव्हता.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो. "मी असा माणूस शोधत आष्टीला गेलो, बीडला गेलो. त्या वडाखाली बसलो, एकादशा केल्या, वकिलाच्या ओसरीवर बसलो."

माय माझ्याकडे वळली. तिच्या लुगड्यावर पाण्याचे डाग अजून वाळायचे होते.

"गेलतास खरा," ती म्हणाली. "पर तुमच्या त्या बैठकीत बायांना बसू देत्यात व्हय?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं आपल्या पत्रावळीवरचा अर्धा कांदा माझ्या पत्रावळीवर ठेवला आणि जेवायला लागली.